पाय उगवतीला

"मी आडवी झोपणार न्हाय," आई भर देवळात म्हणाली.

रविवारची उपासना होऊन गेली होती. सणसरचं आमचं ख्रिस्ती मंडळीचं देऊळ म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, भिंतींना निळा रंग. तिथंच सतरंजीवर पंचकमिटीची बैठक बसली होती आणि विषय होता दफनभूमीची भिंत. इतकी वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्यातून शेळ्या शिरायच्या आणि कबरींवरची फुलं खाऊन जायच्या. आता ग्रामपंचायतीनं पक्की भिंत मंजूर केली होती, म्हणजे आनंदाचीच गोष्ट. फक्त कुंपण वाकडं होतं, उत्तरेला शेजारच्या वावरात शिरलेलं, आणि भिंत हद्दीवरून सरळ बांधायची होती. सरळ भिंत उत्तरेच्या बाजूनं दोन फूट आत येत होती आणि ते दोन फूट नेमके आईचे होते.

आईचे म्हणजे अण्णांच्या कबरीशेजारचे. अण्णा, माझे वडील, त्या ओळीत शेवटचे. त्यांच्या पलीकडं कुंपणापर्यंत एका कबरीपुरती जागा अकरा वर्षं मोकळी होती आणि ती कुणासाठी हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. भिंत आत आली की तिथं दीड फूट उरणार. दीड फुटात माणूस मावत नाही, आईसारखं मूठभर माणूससुद्धा. मोकळी जागा राहत होती ती फक्त पूर्वेच्या भिंतीलगतची पट्टी, पाच फूट रुंद. तिथं पूर्व-पश्चिम कबर बसत नाही. म्हणून कमिटीचे अध्यक्ष कागदावर पट्टीनं रेघा मारून घेऊन आले होते. यापुढच्या सगळ्या कबरी त्या पट्टीत, दक्षिणोत्तर, म्हणजे जुन्या कबरींना आडव्या, एकीपुढं एक. हे अध्यक्ष टपाल खात्यातून निवृत्त झालेले, गावाचे आबा. त्यांना कुठलीही गोष्ट रकान्यात बसली की बरं वाटतं.

ज्यांना आमच्या चालीरीती माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं माणसाला पुरताना पाय पूर्वेला करतात, डोकं पश्चिमेला, आणि क्रूस डोक्याशी रोवतात. प्रभू पुन्हा येणार आहे आणि तो उगवतीकडून येणार आहे, असं आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मानत आली. कर्णा वाजेल, मेलेले उठतील. झोपलेला माणूस उठून बसला की त्याचं तोंड पायांच्या दिशेला असतं. म्हणजे पाय उगवतीला असले की डोळे उघडताच समोर प्रभू. मान वळवायचीसुद्धा गरज नाही. असा हा साधा हिशेब आहे.

मी स्वतः बारामतीच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. आता निवृत्त होऊन जळोचीत राहते. पृथ्वी गोल आहे, ती फिरते, पूर्व ही काही कुठं ठेवलेली वस्तू नाही, हे मी हजारो मुलांच्या डोक्यात घातलं. त्यामुळं आईचं ते वाक्य ऐकून मला आधी लाज वाटली. चारचौघांत ही काय हट्टाला पेटलीय, असं वाटून मी तिचा पदर मागून ओढला. तिनं तो झटकन सोडवून घेतला.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, दर रविवारी बारामतीहून दुचाकीवर येतात, स्वभावानं फार गोड. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आई, प्रभूला दिशा नसते. समुद्रात बुडालेल्यांनाही तो उठवणार आहे. तुम्हाला उत्तरेला पाय करून झोपवलं म्हणून तुम्ही त्याला सापडणार नाही का?"

"त्येला मी सापडंन, साहेब," आई म्हणाली. "त्येची मला काळजी न्हाय. मी माझं बोलतीय. चौऱ्याऐंशी वर्षं वाट बघितली आन त्यो आल्यावर माझं तोंड भिताडाकडं? पावणा दारात आन बाई पाठ करून बसलीय, आसं आसतंय व्हय कुठं?"

"ठराव समद्यांसाठी सारखाच हाय," आबा म्हणाले. "एकीला सूट दिली की उद्या धा जण येत्याल."

"ठराव तुमचा, मरण माझं," आई म्हणाली. "आन मला माझ्या मालकाच्या शेजारी जायचंय. पाय उगवतीला. दुसरं काय मागत न्हाय मी कमिटीकडं. आजवर कवा मागितलंय का?"

खरंच तिनं कधी काही मागितलं नव्हतं. शेवटी आबांनी कागदाची घडी घातली आणि पडते घेतल्यासारखं म्हणाले, "उत्तरेला तात्याचा ऊस हाय. त्यानं दोन फूट सोडलं तर बघू. पर गवंडी उद्याच पाया खांदायला येतोय." म्हणजे नाहीच, हे सगळ्यांना कळलं. आईला मात्र ते होकारासारखं ऐकू आलं.

आता आईच्या तयारीबद्दल थोडं सांगायला हवं. नाहीतर ती कुणाला नुसती हेकेखोर म्हातारी वाटेल. हेकेखोर ती आहेच. पण प्रभूच्या येण्याची तयारी हा शब्द आमच्या मंडळीत जो तो आपापल्या परीनं वापरतो. माझ्या भावजयीच्या फोनवर रोज एक व्हिडिओ येतो. कुणीतरी कोट घातलेला माणूस भूकंप, युद्धं, साथी सगळं जोडून दाखवतो आणि येणं आता किती महिन्यांवर आलंय ते सांगतो. भावजय घाबरून आईला ऐकवते. आई म्हणते, "तारीख खुद्द देवाच्या लेकाला ठावं न्हाय म्हणून शास्त्रात लिवलंय. मग ह्या कोटवाल्याला कुणी सांगितली?" आणि भाकरी उलटते.

तिची तयारी वेगळी. दुसऱ्याचं भांडं घरात दिवस मावळेपर्यंत ठेवायचं नाही, ही त्यातली पहिली. शेजारणीनं डब्यात कालवण दिलं तर डबा घासून, त्यात काहीतरी घालून, त्याच दिवशी परत. आम्ही लहान असताना संध्याकाळच्या आत गावभर वाट्या पोचवत हिंडायचो आणि वैतागायचो. विचारलं की म्हणायची, "त्यो आज आला तर? त्येच्यापुढं हुबं ऱ्हायचं आन घरात दुसऱ्याची वाटी?" बोलायचं राहून गेलेलंही तसंच. कुणाशी वाजलं असेल तर प्रभुभोजनाच्या रविवारच्या आत त्याच्या दारात जाऊन मोकळं व्हायचं. चुलत जाऊबाईच्या दारात ती एकदा तीन वेळा गेली होती, तिसऱ्यांदा दार उघडलं. आईच्या लेखी प्रभूचं येणं ही भिण्याची गोष्ट नव्हतीच. माणूस येणार म्हटल्यावर घर आवरून ठेवावं, इतकी ती साधी गोष्ट होती आणि तितकीच पक्की.

आणि याच बाईपासून मी अकरा वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली होती.

अण्णांना नेलं तो दिवस ऊसतोडीचा होता. माघातलं ऊन. पेटी गावातल्याच सुतारानं केली होती. तो दारं-खिडक्या करणारा माणूस, त्यानं पेटीही तशीच केली, दोन्ही टोकांना सारखी रुंद, सरळ. झाकणावर क्रूस काढायला वेळच मिळाला नव्हता. घराच्या अंगणात प्रार्थना झाली, झाकण ठोकलं. मी डोक्याच्या बाजूला उभी होते. तिथल्या फळीला लाकडाची एक काळी गाठ होती, रुपयाएवढी. रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्या गाठीकडंच बघत राहिले होते.

दफनभूमीचं फाटक पश्चिमेला आहे. आमच्यात पेटी नेहमी पाय पुढं करून नेतात. फाटकातून शिरलं, सरळ चालत गेलं, खाली ठेवली, की पाय आपसूक पूर्वेला येतात. दिशा बघावी लागत नाही, वाटच सगळं करते. त्या दिवशी मात्र फाटकासमोर उसानं भरलेली ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर ऊस. माणूस उड्या मारून गेला असता, पेटी कशी जाणार? तेव्हा तात्या पुढं झाले. तात्या म्हणजे अण्णांचे जिवाभावाचे मित्र. दफनभूमीच्या उत्तरेला आणि पूर्वेला त्यांचंच वावर. त्यांचे आणि आमचे पणजोबा एकाच वस्तीतले. आमचे आधी ख्रिस्ती झाले, त्यांचं घर पुढं बौद्ध झालं, पण चहा एकाच किटलीतला राहिला. तात्यांचा ऊस चारच दिवसांपूर्वी तुटून गेला होता. ते म्हणाले, "माझ्या वावरातनं चला." पाचटातून वाट काढत त्यांनी सगळ्यांना फिरवून आणलं, कोयत्यानं पूर्वेचं कुंपण तोडलं आणि पेटी आत आली. पाय पुढं. नेहमीसारखे.

कुणाच्या ध्यानात आलं नाही. खांदा देणारे घामाघूम, पाळक त्या वेळचे म्हातारे, त्यांनी पुस्तक उघडलेलं. दोर सुटले, पेटी खाली टेकली आणि मला ती काळी गाठ दिसली. ती पूर्वेच्या टोकाला होती.

इयत्ता चौथीपासून दिशा शिकवणारी बाई मी. मला विचार करायचीसुद्धा गरज नव्हती. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. अण्णा उलटे गेले होते. तोंड उघडून "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण आई माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि मी म्हटलं, पेटी वर काढायची, फिरवायची, तिच्यादेखत? मी गप्प राहिले. मूठभर माती टाकली. पुढं क्रूस पश्चिमेच्या टोकाला रोवला गेला, म्हणजे अण्णांच्या पायाशी. दर वर्षी आई त्या क्रूसाला हार घालते, त्यावरून हात फिरवते, जणू त्यांच्या कपाळावरून. दर वर्षी मी दुसरीकडं बघते.

मी स्वतःला समजावत आले की दिशेला काय अर्थ आहे. पाळकसाहेब रविवारी जे बोलले तेच मी अकरा वर्षं मनात म्हणत होते. पण खरं सांगायचं तर मी भ्यायले होते. आईच्या आयुष्यातली एकच गोष्ट बरोबर झाली असं तिला वाटत होतं, अण्णांना नीट पोचवलं ही. ती मोडायची हिंमत माझ्यात नव्हती.

सोमवारी सकाळी मी जळोचीला परतायच्या तयारीत होते. भाऊ माळेगावच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. भावजय धावत आली. "ताई, आई खुर्ची घिऊन गेल्या!"

दफनभूमीत गवंडी आणि दोन बिगारी उभे होते. पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ पडली होती, आणि त्या रेघेवर, अण्णांच्या कबरीशेजारी, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून आई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर हात.

"आजी, उठा की वं," गवंडी म्हणत होता. "आमाला काम हाय."

"तू कर की काम. बाकीची भिंत बांध. मी हितली राखतीय."

"भिंत मधनंच कशी सोडू?"

"मग भाईर काढ. हितनं दोन फूट भाईर काढ, माझ्यापुरती, आन परत आत घे. पोट आल्यावानी दिसंल, दिसू दे. तुझ्या हाताला इतकं वळण न्हाय व्हय?"

गवंड्याच्या कसबावरच बोट ठेवल्यावर तो जरा चिडला. "वळण हाय, पर जागा कुणाची? तात्या काय म्हणत्याल?"

"तात्या म्हणतोय घ्या," मागून आवाज आला. तात्या बांधावर उभे होते. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, डोळ्यावर जाड चष्मा. त्यांना कुणी बोलावलं होतं कुणास ठाऊक. मी "जयभीम तात्या" म्हटलं. ते मान हलवून थेट आईजवळ गेले. "वहिनी, दोन न्हाय तीन फूट घ्या. चार उसं कमी आलं तर मी काय मरत न्हाय."

आई म्हणाली, "दोनच बास. जास्तीचं काय करायचं मला?" आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरासा ओला झाला. गवंड्यानं टेप काढली.

मला वाटलं, संपलं. पण तात्यांनी मला काठीनं खुणावलं आणि बाजूला नेलं, पूर्वेच्या कुंपणाकडं. तिथं उभे राहून ते म्हणाले, "बाई, तुमच्यात पाय उगवतीला लागत्यात न्हवं?"

मी हो म्हटलं.

"त्या दिशी म्या हितनं कुंपण तोडलं. मागनं आठ दिसांनी वावरात पानी धरत हुतो, तवा डोक्यात आलं. आपुन तर त्येला उलटं नेलं. मी ह्यातलं काय मानत न्हाय, तुला ठावं हाय. मेलं की संपलं. पर त्यो मानत हुता. माझ्या वावरातनं नेलं म्हणून त्येचं आसं झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनींना सांगायचं धाडस झालं न्हाय. तू सांग. जागा दिली म्हंजी काय भरून निघत न्हाय."

म्हणजे अकरा वर्षं आम्ही दोघं, एक भूगोलाची बाई आणि एक न मानणारा म्हातारा, एकच गोष्ट पोटात धरून एकमेकांना रामराम-जयभीम करत होतो. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. जो माणूस काही मानत नाही त्याला अण्णांच्या मानण्याची लाज राखावीशी वाटली. मी, पोटची पोर, दिशेला अर्थ नसतो म्हणून मोकळी झाले होते.

मी ठरवलं. आजच सांगायचं. आई ज्या दोन फुटांसाठी खुर्ची टाकून बसली ते सगळं तिच्या एका समजुतीवर उभं होतं. अण्णांच्या शेजारी, अण्णांसारखं, दोघांनी एकाच दिशेला तोंड करून उठायचं. अण्णांसारखं झोपायचं तर तिला उलटं झोपावं लागेल. उगवतीकडं तोंड हवं तर अण्णांच्या उलट दिशेला. हे तिला माहीत नसताना भिंत उभी राहू द्यायची म्हणजे मी दुसऱ्यांदा गप्प बसले असते. मी गवंड्याला म्हटलं, "तेवढा भाग बुधवारपर्यंत खणू नका. बाकीचं चालू द्या."

दुपारी आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. ट्रॉली, पाचटातली वाट, काळी गाठ, क्रूस. काही गाळलं नाही. सांगताना मी तिच्या हातांकडं बघत होते. एक शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली.

"तुला तवाच कळलं हुतं?" तिनं विचारलं.

"हो."

"आन तू भूगोल शिकवतीस." एवढं बोलून तिनं ती शेंग टोपलीत परत टाकली, सूप उचललं आणि आत गेली.

त्यापेक्षा तिनं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मंगळवारभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवली, प्रार्थनेला बसली, कोंबड्या झाकल्या, सगळं नेहमीसारखं, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी जळोचीला गेले नाही. जाणं सोपं होतं, म्हणूनच गेले नाही. भावजयीनं दोनदा विचारलं, काय झालंय, मी म्हटलं, माझी चूक झालीय, बाकी आई सांगेल. संध्याकाळी पाळकसाहेबांना फोन केला. ते बिचारे हादरले. मग म्हणाले, परवानगी काढून, उकरून सरळ करता येईल, कमिटीशी मी बोलतो. मला तो मार्ग सापडल्यासारखं वाटलं. मी उंबऱ्यात उभी राहून आईला तसं सांगितलं.

तेव्हा ती बोलली, पाठमोरीच. "झोपलेल्या माणसाला उठवायचं काम त्येचं हाय. कमिटीचं न्हाय."

बुधवारी सकाळी गवंड्याचा निरोप आला, दुपारपर्यंत सांगा, नाहीतर भिंत सरळ नेतो. मी चहा केला. आई चुलीपुढं बसली होती, हातात काडेपेटी. चहाला हात न लावता ती म्हणाली, "मास्तरीणबाई, हिकडं ये. खाली बस."

मी बसले. तिनं काडेपेटीतून दोन काड्या काढून माझ्या हातात दिल्या. "गूल म्हंजी डोकं. ही तुझ्या बापाची आन ही माझी. मांड कसं ते."

शेणानं सारवलेल्या जमिनीवर मी दार बघून दिशा ठरवली. अण्णांची काडी ठेवली, गूल पूर्वेला. शेजारी आईची ठेवली, तिला हवी तशी, गूल पश्चिमेला. दोन काड्या, शेजारी शेजारी, उलटसुलट.

आई वाकून बघत राहिली. मग तिनं अण्णांची काडी उचलली, मधोमध हळूच मोडली, पण तुटू दिली नाही, आणि तशीच परत ठेवली, गुलाचं अर्धं वर उचललेलं, माणूस उठून बसावा तसं. मग स्वतःची काडी तशीच मोडून ठेवली. दोन्ही काड्या बसल्या होत्या. अण्णांची पूर्वेच्या टोकाला, तोंड पश्चिमेला. आईची पश्चिमेच्या टोकाला, तोंड पूर्वेला.

मला दिसलं, पण तिलाच बोलू दिलं.

"म्हंजी उठल्या उठल्या," ती म्हणाली, "ते माझ्याकडं बघत आसत्याल."

"हो आई."

"आन मी त्येंच्याकडं."

"हो."

"आन त्यो त्येंच्या मागनं येत आसंल. मला आधी दिसंल." तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर काहीतरी हललं, ते हसू होतं की रडू हे मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यभर तिनं अण्णांना नावानं हाक मारली नव्हती. त्या मोडक्या काडीकडं बघून, मांडीवर थाप मारत, ती त्यांना सांगितल्यासारखं म्हणाली, "अवं, मागं बगा. आला त्यो."

मग पदरानं तोंड पुसून तिनं गार झालेला चहा एका दमात संपवला आणि मला म्हणाली, "आता रडत काय बसलीस? गवंड्याला फोन लाव. दोन फूट म्हणावं, एक बोट कमी चालायचं न्हाय."